तागडी, चावडी आणि मंडई

पुण्याच्या मंडईची दगडी इमारत १८८६ साली उभी राहिली. पण या शहराच्या बाजाराला शिस्त लावण्याची खटपट त्याआधी सव्वाशे वर्षांपासून चालू होती. बाजारात माणूस येतो तो भूक घेऊन, आणि भुकेच्या मागोमाग हाव, लबाडी आणि राग येतात. एकमेकांना न ओळखणारी शेकडो माणसे रोज सकाळी एका जागी जमावीत, प्रत्येकाला दुसऱ्याकडून काहीतरी हवे असावे आणि तरीही दुपारपर्यंत कोणी कोणाचा गळा धरू नये, ही गोष्ट आपोआप घडत नाही. त्यासाठी पुण्याने वेगवेगळ्या काळात वेगवेगळी व्यवस्था केली. त्यांपैकी एक व्यवस्था इतकी वाईट फसली की तिची आठवण अजून पुसलेली नाही.

मंडई ज्या शुक्रवार पेठेत आहे ती पेशवाईत खासगीवाल्यांनी वसवली. पेशव्यांची राजधानी झाल्यावर पुण्यात पेठा वाढल्या. शिपाई, सावकार, शागीर्द, भिक्षुक आणि कामाच्या शोधात आलेले परगावचे लोक यांची दाटी झाली. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. त्यानंतर माधवराव पेशव्यांच्या काळात, १७६४ च्या सुमारास, शहराच्या कोतवालीला नीट आकार आला. कोतवालाचे काम चोर पकडण्यापुरते नव्हते. बाजारातले निरख ठरवणे, वजनमापांवर नजर ठेवणे, पेठांमधले मोठे तंटे तोडणे, घरजागांच्या खरेदी-विक्रीवर देखरेख ठेवणे, शहरात कोण आले आणि कोण गेले याची नोंद ठेवणे, हे सगळे त्याच्याकडे होते. रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायची बंदी असे. त्यानंतर सापडलेला माणूस सकाळपर्यंत चौकीत बसे. पेशव्यांच्या चाकरीत राहिलेल्या टोन नावाच्या आयरिश अधिकाऱ्याने या बंदोबस्ताचे कौतुक लिहून ठेवले आहे. एवढ्या मोठ्या शहरात रात्र इतकी शांत जाते याचे त्याला नवल वाटले.

पण शांतता राखणाऱ्यावर नजर कोण ठेवणार, या प्रश्नाला कोतवालीत उत्तर नव्हते. सवाई माधवरावांच्या काळात घाशीराम सावळदास हा कोतवाल होता. तो मूळचा औरंगाबादकडचा, कनोजी ब्राह्मण, आणि नाना फडणविसांच्या मर्जीतला. शहरात त्याचा धाक मोठा होता आणि त्याच्या शिपायांच्या जुलमाच्या तक्रारीही तितक्याच मोठ्या होत्या. नानांपर्यंत त्या पोचत नसत किंवा पोचल्या तरी मनावर घेतल्या जात नसत. ऑगस्ट १७९१ मध्ये श्रावणातली दक्षिणा घेण्यासाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी पस्तीसच्या आसपास जणांना त्याच्या माणसांनी चोर समजून रात्री पकडले आणि एका लहानशा कोठडीत कोंडले. हवा नाही, पाणी नाही. दार उघडले गेले ते मानाजी फाकडे या सरदाराने पुढाकार घेतल्यावर. तोवर एकवीसच्या आसपास माणसे गुदमरून मेली होती.

पुढे जे झाले तेही तितकेच भयंकर आहे. तेलंगी ब्राह्मणांचा मोठा जमाव नानांच्या वाड्यासमोर जमला आणि कोतवालाला मृत्युदंड द्या म्हणून अडून बसला. नानांनी चौकशीसाठी वेळ काढायचा प्रयत्न केला, पण जमाव हटेना. अखेर घाशीरामाची शहरातून धिंड काढण्यात आली आणि ३१ ऑगस्टला त्याला त्या जमावाच्या स्वाधीन केले गेले. शहराबाहेर नेऊन त्यांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. दगड उचलणारे हात शास्त्र शिकलेल्या माणसांचे होते. काही दिवसांपूर्वीच ते हात दक्षिणेसाठी पुढे आले होते. घाशीराम दोषी होता यात शंका नाही. परंतु ज्या राज्यात न्यायाधीश होते, दफ्तर होते, रामशास्त्री प्रभुण्यांसारख्यांनी घालून दिलेला पायंडा होता, तिथे कारभाऱ्यांनी एक आरोपी जमावापुढे टाकला. कोठडीतले मृत्यू हा अधिकाराचा माजोरीपणा होता, आणि दगडांचा वर्षाव हा त्याच माजोरीपणाचा जमावाने घेतलेला वाटा होता. विजय तेंडुलकरांनी या प्रसंगाचा आधार घेऊन लिहिलेले ‘घाशीराम कोतवाल’ डिसेंबर १९७२ मध्ये पुण्याच्याच भरत नाट्य मंदिरात रंगमंचावर आले. त्यावर वादळ उठले. नानांच्या चित्रणावरून झालेल्या त्या वादात मूळचा प्रश्न मात्र मागे पडला: सभ्य म्हणवणारे शहर आपला रानटीपणा एका माणसाच्या गळ्यात बांधून मोकळे कसे होते? बुधवार पेठेत ‘कोतवाल चावडी’ हे ठिकाणाचे नाव अजून चालू आहे. मंडईपासून ते चालत काही मिनिटांवर आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रजी अमलात कोतवालाची एकहाती सत्ता गेली आणि तिचे तुकडे पोलीस, न्यायालय आणि नगरपालिका यांच्यात वाटले गेले. मोकाट जनावरांसाठी १८७१ चा कायदा आणि कोंडवाडा आला. भाजीचा बाजार मात्र शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात, उघड्यावरच भरत होता. पावसात चिखल, उन्हात धूळ, पाट्यांमधून तोंड घालणारी गुरे आणि जागेवरून रोजची भांडणे. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत, खासगीवाल्यांच्या बागेच्या जागेवर, बंदिस्त बाजार बांधायचे ठरवले. वॉल्टर ड्यूकॅट यांचा आराखडा आणि वासुदेव बापूजी कानिटकर यांचे बांधकाम, अशी ही इमारत १८८६ मध्ये ड्यूक ऑफ कनॉट यांच्या हस्ते खुली झाली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिचे नाव रे मार्केट पडले.

मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून फुटलेल्या पाखा, अशी तिची रचना आहे. तिच्यातली खरी सुधारणा कमानींपेक्षा गाळ्यांत होती. प्रत्येक विक्रेत्याला मोजून दिलेली, भाडे ठरलेली जागा मिळाली. जिथे काल दांडगाई करणाऱ्याला पुढची जागा मिळत होती, तिथे आज पावती असणाऱ्याला मिळू लागली. उंच छपरामुळे उजेड आत आला, आणि उजेडात माप मारणे अवघड जाते.

या बांधकामाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. १८७६ पासून ते तिथे सभासद होते. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर घालावा, असे त्यांचे म्हणणे होते. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या या माणसाला बाजाराची दुसरी बाजू ठाऊक होती: मळ्यातून पाटी घेऊन निघालेला माळी जकात, दलाली आणि कडता यांतून घरी किती घेऊन जातो, ही. देखणे छप्पर घातल्याने ती लूट थांबत नाही, हा त्यांचा आक्षेप आजही खोडता येत नाही. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने बाजाराला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले.

विसाव्या शतकात मंडई हे भाजीच्या बरोबरीने सार्वजनिक वादाचेही ठिकाण झाले. १९२४ मध्ये लोकमान्य टिळकांचा पुतळा इथे बसला. त्याचे अनावरण मोतीलाल नेहरूंनी केले. त्याच सुमारास केशवराव जेध्यांच्या भोवतीच्या ब्राह्मणेतर तरुणांचा छत्रपती मेळा आणि विरुद्ध बाजूचा सन्मित्र समाज मेळा यांच्यात गणेशोत्सवात जुंपली होती. गाण्यांमधून एकमेकांच्या घरादाराचा उद्धार होई, कधी प्रकरण हातघाईवरही येई. शिव्यांनी भरलेली ती पदे आज वाचवत नाहीत. तरीही १७९१ शी तुलना केली तर एक फरक दिसतो: दगडाची जागा बहुतेक वेळा पदाने घेतली होती.

बाजारातल्या बोलण्यालाही हेच लागू पडते. मंडईची जीभ तिखट म्हणून प्रसिद्ध आहे. भाव पाडून मागणाऱ्याला गाळ्यावरची बाई चार शब्द सुनावते, गिऱ्हाईक दोन पावले पुढे जाते, मागून हाक येते आणि सौदा ठरतो. तागडी हातात असते तेव्हा दोघांचीही नजर मधल्या काट्यावर असते. पारडे थोडे झुकते, भाजी पिशवीत पडते आणि वर चार मिरच्या किंवा कढीपत्त्याची काडी येते. ती न मागता दिली तर गिऱ्हाईक बांधले जाते. ही भांडणवजा घासाघीस म्हणजे हाव बोलून निपटण्याची रीत आहे. तिला रानटी समजणाऱ्यांनी मंडई नीट पाहिलेली नाही. इथल्या कट्ट्यांवरच्या राजकीय गप्पांना ‘मंडई विद्यापीठ’ म्हणतात, आणि ते नाव काकासाहेब गाडगीळांशी जोडले जाते.

घाऊक व्यापार नंतर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. मंडईत किरकोळ विक्री राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्याखालून मेट्रो धावू लागली आणि स्थानकाला मंडईचेच नाव मिळाले. शेर-मणाची मापे १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने जाऊन किलो आला. तागडीच्या जागी इलेक्ट्रॉनिक काटे आले. कोतवालाचे वजने तपासण्याचे काम आता राज्य सरकारच्या वैधमापनशास्त्र विभागाकडे आहे. प्रत्येक काट्याची ठरावीक मुदतीने पडताळणी करून घेणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, आणि त्या पडताळणीचा शिक्का पाहायला मागणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे.