त्र्यंबकेश्वरीचे समूहगायन

श्रीनिवृत्तिनाथांच्या समाधिस्थानी, त्र्यंबकेश्वरी, पौष वद्य एकादशीस दिंड्यांचा मेळा भरतो. इतके कंठ एकत्र कसे टिकतात, याचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटत आले आहे. मृदंगवादक पोटापाण्यासाठी परगावी जातो, चाली जाणणारा वृद्ध होतो, अभंग कोणी उचलावा यावरून दोन गोड गळ्यांत रुसवे होतात. आपल्या ज्ञातिबांधवांना हे नवीन नाही! दिंडीत मात्र वीणा भुईवर टेकवावयाची नाही, एकाने ती दुसऱ्याच्या गळ्यात घालावयाची, असा दंडक आहे. आणि टाळकऱ्याच्या गळ्याची परीक्षा कोणी घेत नाही.

नाशिकशी निगडित दुसरे उदाहरण पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे. १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून त्यांनी सामुदायिक प्रार्थनागायनाची गोडी लोकांस लाविली. पुढे मुंबईच्या वास्तूचे कर्ज फिटेना, ती लिलावात गेली. सारा भार एका खांद्यावर होता, हेच त्याचे कारण, असे आमचे मत आहे. उत्तरायुष्यात पंडितजी नाशिकास रामनाम-आधार आश्रमात रमले. १९३१ साली ते मिरजेस निवर्तले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. त्याच्या परीक्षांस आजही गावोगावचे विद्यार्थी बसतात.