शब्दवेध : बिस्त्रो आणि खानावळ

१८१४ साली नेपोलियनचा पराभव करून पॅरिसात शिरलेल्या रशियन शिपायांनी ‘बिस्त्रा’, म्हणजे ‘लवकर’, असा तगादा लावल्यामुळे तेथील मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या चिमुकल्या भोजनगृहांस ‘बिस्त्रो’ हे नाव पडले, ही आख्यायिका कितीही रोचक असली, तरी छापील फ्रेंचमध्ये तो शब्द १८८४ च्या सुमारास, म्हणजे तब्बल सत्तर वर्षांनी अवतरत असल्यामुळे, ती ग्राह्य धरणे कठीण.

अमरावती-अकोल्याकडे झुणका-भाकर आणि ठेचा वाढणाऱ्या आमच्या ‘खानावळी’विषयीही असाच एक गैरसमज संभवतो, दवाखाना, कारखाना यांच्या पंगतीस तिला बसवण्याचा मोह होतो खरा, परंतु ‘खाणावळ’ हे जुने रूप पाहता तिचे मूळ आपल्या ‘खाणे’ या क्रियापदातच मानावे. फारसी ‘खाना’ म्हणजे केवळ घर. अन्नाशी त्याचा संबंध नाही.