खळ्यावरचे सामने

आमच्या भागात पोरांना शाळेचं मैदान मिळायच्या कितीतरी आधी मैदान होतं ते खळ्याचं. मंगळवेढ्याची काळी रानं, पीक मुख्य ज्वारीचं. कणसं मोडून झाली की घराजवळच्या जागेला पाणी मारायचं, बैलं फिरवून ती घट्ट तुडवायची, शेणानं सारवायची आणि मधोमध तिवडा रोवायचा. एरवी काळ्या मातीला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, पण सारवलेलं खळं तळहातासारखं असायचं. मळणी झाली, वावडीवर उभं राहून धान्य उधळलं, रास घरात गेली, की जत्रेपर्यंत खळं मोकळं. आमच्या घरचे सामने या दिवसांतले.

घर म्हणजे चार चुलते, त्यांची पोरं, सुना आणि जत्रेला माहेरी आलेल्या आत्या. सामने भरवायची आजी. खेळ ठरलेले : लंगडी, हुतुतू, खो-खो आणि म्हाताऱ्यांसाठी लिंबाएवढ्या खड्यांचा नेम. खळ्यात चप्पल चालायची नाही, त्यामुळं सगळे अनवाणी. बक्षीस गूळ-शेंगदाणे, तेही हरलेल्यांना आधी.

पण आजीचं खरं काम बाजू पाडायचं. सख्खे भाऊ ती एका बाजूला कधीच द्यायची नाही. आणि बांधावरनं ज्यांचं बोलणं बंद, ते दोन चुलते हमखास एकाच बाजूला. हुतुतूत साखळी धरायची तर हात हातात द्यावाच लागतो. एकदा दिलेला हात रात्री जेवताना परत आखडता घेणं जड जायचं. नेहमी जमायचं असं नाही, एक चुलता दोन वर्षं खेळायलाच उतरला नाही.

सुनांची लंगडी रात्री, चांदण्यात. तेव्हा म्हातारे पुरुष आपण होऊन मारुतीच्या देवळात जाऊन बसत. मग डोईवरचा पदर कमरेला जायचा. नऊवारीच्या कासोट्यात बाई काय पळते, ते आम्ही पोरांनी कडब्याच्या गंजीवरनं बघितलंय.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ साली खो-खोचे नियम बांधले. १९३६ ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी थेट बर्लिनला, ऑलिंपिकच्या वेळी, आपले देशी खेळ करून दाखवले. खेळ मोठा झाला तो असा, मापानं आणि शिट्टीनं, आणि त्याशिवाय तो गावाबाहेर गेलाही नसता. आमचं खळं मात्र गोल, खांब एकच. मग खो-खोला तिवड्याभोवती गोल बसायचं. आणि चार-पाच वर्षांचं पोरगं असलं की ते कच्चा लिंबू. त्यानं पळायचं, पण बाद व्हायचं नाही. कुठल्या पुस्तकात हा नियम नसेल, पण घरच्या सामन्यात तो नसला तर निम्मं घर बाहेर बसतं.

१९७२ ला पीकच नव्हतं. प्यायला पाणी नाही तिथं सारवायला कुठलं? घरातली माणसं खडी फोडायला, पोरं सुकडीच्या रांगेत. त्या साली सामने झाले नाहीत.

पुढं वाटणी झाली. रानं, विहिरीच्या पाळ्या, गोठा सगळं वाटलं, पण खळं सामाईक राहिलं, कारण मळणी सगळ्यांनाच करायची. म्हणून वाटणीनंतरही सामने चालू राहिले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ते मोडले मळणीयंत्रानं. यंत्र रानातच उभं राहायला लागलं, खळ्याची गरज संपली, आणि मग त्या सामाईक तुकड्याचीही मोजणी आली. आता तिथं मधोमध तारेचं कुंपण आहे. यंत्राला मी दोष देत नाही. बैलामागं दिवसभर फिरून अंगाला सुटलेली कुसाची खाज ज्यानं सोसली, तो देणार नाही.

गेल्या दिवाळीत नातवंडांसाठी अंगणात सामने भरवले. पलीकडची पोरं तार धरून बघत होती. त्यांच्या आजोबाला हाक मारून म्हटलं, "दादा, पोरं पाठवा की इकडं." थोड्या वेळानं आली. बाजू पाडताना सख्खी भावंडं मी वेगवेगळी केली. त्यांच्यातलं धाकटं चार वर्षांचं होतं, त्याला कच्चा लिंबू केलं.