पंपाला पाजणारा पंप

'कमिन्स' म्हटलं की पुण्यातल्या माणसाला आधी कर्वेनगरचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं, मग कोथरूडची कंपनी, आणि इंजिन आठवलंच तर सोसायटीच्या जनरेटरचं. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत मात्र हे नाव काढलं की लोक डॉज रॅम या पिकअप ट्रकबद्दल बोलायला लागतात. मागे ट्रेलर लावून गुरं, घोडे, गवताच्या गंजी ओढणारा हा ट्रक. त्यातल्या एका लहानशा पंपाचा इतिहास आज सांगायचाय. मी पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो, डिझेल मेकॅनिक नाही. पण ही गोष्ट वाचताना मला सारखी आमचीच सिस्टिम डोळ्यासमोर येत होती. का, ते पुढे कळेलच.

थोडं मागे जाऊ. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला यशस्वीपणे चाललं. त्यात इंधन सिलिंडरमध्ये ढकलायला दाबलेली हवा वापरत, आणि ती दाबायला वेगळा कॉम्प्रेसर. एवढं धूड जहाजात किंवा कारखान्यात ठीक, पण ट्रकमध्ये कसं बसवणार? हा कॉम्प्रेसर घालवायचा तर थेट डिझेललाच शेकडो पट दाब देणारा पंप हवा होता. रॉबर्ट बॉशच्या श्टुटगार्टच्या कंपनीने १९२२ साली हे काम हातात घेतलं आणि १९२७ साली असे पंप कारखान्यातून तयार होऊन बाहेर पडू लागले. ट्रकमध्ये डिझेल इंजिन सर्रास दिसायला लागलं ते त्यानंतर.

या पंपाची गंमत त्याच्या मापात आहे. आतला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात जागा असते दोन-चार मायक्रॉन. (आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो!) एवढ्या फटीत वंगण म्हणून वेगळं तेल घालता येत नाही. तिथे वंगणाचं काम करतं ते खुद्द डिझेलच. म्हणजे जे जाळायचं, त्यानेच पंप जपायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आणखी एक अडचण. दाब देणारा मोठा पंप ढकलण्यात पटाईत, पण टाकीतून ओढण्यात तितका नाही. म्हणून त्याच्या आधी एक छोटा पंप बसवतात. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याला 'फीड पंप' म्हणतात, अमेरिकेत 'लिफ्ट पंप'. त्याचं काम एवढंच की टाकीतून डिझेल आणून मोठ्या पंपाला पाजायचं. फीड पंपाने नीट ओढलं नाही की 'गाडीने एअर घेतली' असं आपले ड्रायव्हर म्हणतात आणि हाताने पंप मारून ती एअर काढत बसतात.

आता कमिन्सकडे येऊ. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कोलंबस नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका बँकरच्या घरी क्लेसी कमिन्स नावाचा माणूस ड्रायव्हर होता. त्याच बँकरच्या पैशावर त्याने १९१९ साली इंजिनाची कंपनी काढली. १९३१ साली इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत त्यांची डिझेल गाडी एकदाही न थांबता शेवटपर्यंत धावली. नंबर आला तेरावा, पण डिझेल भरायला थांबावं लागलं नाही हीच जाहिरात! पुढे ऐंशीच्या दशकात कंपनीने शेतीची यंत्रं आणि मध्यम ट्रक यांच्यासाठी 'बी' मालिकेतलं ५.९ लिटरचं इंजिन आणलं आणि १९८९ च्या मॉडेलपासून डॉजने ते आपल्या पिकअपमध्ये घातलं. ट्रॅक्टरछाप, आवाजी, पण मरायचं नाव न घेणारं इंजिन. (याच मालिकेचं इंजिन आपल्याकडच्या टाटांच्या ट्रकमध्येही आलं. त्यासाठी १९९३ मध्ये टाटा कमिन्स ही कंपनी निघाली, कारखाना जमशेदपूरला.)

१९९४ ते ९८ च्या मॉडेलमध्ये या इंजिनावर बॉशचा 'पी ७१००' पंप होता. एका रांगेत सहा दट्टे, संपूर्ण यांत्रिक. त्याच्या कॅमशाफ्टला इंजिनचं ऑइल मिळायचं. फीड पंपही यांत्रिक, इंजिनच्याच कॅमवर चालणारा. इंजिन फिरतंय म्हणजे फीड पंप फिरतोय. इतकं साधं गणित.

मग १९९८ साली धुराचे नियम कडक झाले. डिझेल नेमकं कोणत्या क्षणी सोडायचं हे आता कॉम्प्युटरने ठरवणं भाग होतं. म्हणून इंजिनला चोवीस व्हॉल्व्ह आले आणि बॉशचाच 'व्हीपी ४४' हा इलेक्ट्रॉनिक पंप आला. तांत्रिकदृष्ट्या तो मागे नव्हता, उलट एक पाऊल पुढेच होता. पण त्याच्यासोबत दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे या पंपाला इंजिनचं ऑइल अजिबात नाही. वंगण डिझेलचं, आणि डोक्यावर बसवलेलं इलेक्ट्रॉनिक सर्किट थंड ठेवायचं तेही त्यातून वाहणाऱ्या डिझेलनेच. दुसरी गोष्ट म्हणजे फीड पंप आता विजेवर चालणारा झाला, आणि तो बसवला टाकीपासून दूर, थेट इंजिनच्या ब्लॉकवर. हे छोटे विजेचे पंप ढकलायला बरे, ओढायला कच्चे. त्यांना काही फुटांवरून डिझेल ओढायला लावलं. वर इंजिनाची धग आणि थरथर.

हे फीड पंप मरायला लागले. आता खरी मेख ऐका. फीड पंप मेला तरी ट्रक बंद पडत नव्हता! व्हीपी ४४ च्या पोटात स्वतःचा एक लहान पंप असतो. तो कसंबसं डिझेल ओढून घ्यायचा आणि ट्रक चालत राहायचा. डॅशबोर्डवर डिझेलचा दाब दाखवणारा काटा नव्हता आणि कॉम्प्युटरही तो दाब मोजत नव्हता. इकडे दाब साधारण १४ पीएसआयच्या खाली गेला की मोठ्या पंपाचा परतीचा व्हॉल्व्ह उघडत नाही. म्हणजे जास्तीचं डिझेल आतून फिरून टाकीत परत जाणं बंद. तेच तर त्याला थंड ठेवत होतं. मग काही हजार मैलांनी, कधी त्याच्या आधीच, एखाद्या गरम दुपारी ट्रक चालूच व्हायचा नाही आणि कॉम्प्युटर कोड द्यायचा 'पी ०२१६'. त्याचा अर्थ, इंजेक्शन पंपाच्या टायमिंगमध्ये बिघाड. फीड पंपाचं नावसुद्धा नाही!

ज्यांनी रात्री दोनला उठून लॉग वाचलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. लॉगमध्ये नाव असतं जो मेला त्याचं, ज्याने मारलं त्याचं नाही. आणि सिस्टिम जितकी 'सांभाळून घेणारी' तितका आजार उशिरा कळतो.

हा हिशोब मालकाच्या खिशातून जायचा. व्हीपी ४४ बदलायचा तर हजार डॉलरच्या वर. त्याच्या एका लहानशा हिश्श्यात फीड पंप आला असता. नवा मोठा पंप घालून मेलेला फीड पंप तसाच ठेवला, तर नवाही त्याच वाटेने जाणार. पोट ट्रकवर असलेल्या माणसाला असे दोन फटके परवडत नाहीत.

मग लोकांनीच इलाज शोधला आणि त्यातून एक अख्खा धंदा उभा राहिला. 'फास', 'एअरडॉग' अशा नावांचे बाहेरचे फीड पंप बाजारात आले. ते टाकीजवळ चॅसीवर बसतात, म्हणजे ओढायचं कमी आणि ढकलायचं जास्त. सोबत पाणी वेगळं करणारा फिल्टर आणि डिझेलमधली हवा काढून टाकीत परत पाठवण्याची सोय.

पण निवडायचा कसा? आकड्यांनी लगेच भुलायला होतं. पंपावर ताशी ९५ गॅलन, १५० गॅलन असं लिहिलेलं असतं. ९५ गॅलन म्हणजे जवळजवळ ३६० लिटर. हायवेवर रिकामा ट्रक तासाला जाळतो पंधरा लिटरच्या आसपास! मग एवढं कशाला? कारण उरलेलं डिझेल थंडाव्यासाठी फिरत राहायचं असतं, आणि चढावर पूर्ण पाय दिला तरी दाब पडता कामा नये. मूळ इंजिनला ९५ पुरतो. मोठा आकडा लागतो तो ज्यांनी इंजिनची ताकद वाढवून घेतलीय त्यांना. दाबाचं उलट आहे. तो जास्त म्हणजे चांगला, असं नाही. भर चढावर १० पीएसआयच्या खाली जाऊ नये आणि एरवी २० च्या वर नको, असा जाणकारांचा साधारण दंडक होता.

बसवतानाही चार गोष्टी ठरलेल्या. नवा पंप जास्त करंट ओढतो, त्यामुळे कॉम्प्युटरकडून येणारी जुनी वायर फक्त रिलेला इशारा द्यायला वापरायची आणि खरी वीज फ्यूज लावून बॅटरीवरून घ्यायची. मूळच्या अरुंद जोडण्या काढून अर्ध्या इंचाची लाईन टाकायची, नाहीतर मोठा पंप आणून उपयोग काय? लाईन सायलेन्सरपासून लांब आणि कुठेही घासणार नाही अशी बांधायची. आणि इंजिन सुरू करण्याआधी चावी क्षणभर स्टार्टरकडे फिरवून सोडायची. कॉम्प्युटर फीड पंप वीस-पंचवीस सेकंद चालवतो आणि लाईनमधली एअर निघून जाते.

पण अनुभवी मंडळी पंपाच्याही आधी एक गोष्ट घ्यायला सांगत, ती म्हणजे दाबाचं गेज. फिल्टरच्या पुढे आणि मोठ्या पंपाच्या अगदी अलीकडे जोडायचं, म्हणजे मोठ्या पंपापर्यंत खरोखर काय पोचतंय ते दिसतं. नवा पंपही कधीतरी मरणारच. फरक इतकाच की आता ते आधी कळेल. मला या सगळ्या इतिहासात हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. दणकट पंपाने आयुष्य वाढलं हे खरं, पण अंधार गेला तो गेजमुळे.

त्यात २००६ पासून अमेरिकेत डिझेलमधलं गंधक १५ पीपीएमवर आणलं गेलं. (आपल्याकडे एप्रिल २०२० पासून १० पीपीएम.) हवेसाठी उत्तमच. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा वंगणाचा गुणही कमी होतो, म्हणून तो वेगळा मिसळून भरून काढावा लागतो. पंपाच्या दृष्टीने चूक पचवायची जागा आणखी कमी झाली.

डॉजने २००३ च्या मॉडेलपासून व्हीपी ४४ सोडून कॉमन रेलचा 'सीपी ३' पंप घेतला आणि तो चांगला टिकला. गोष्ट इथे संपायला हवी होती, पण नाही. २०१९ च्या मॉडेलमध्ये त्याच्या जागी 'सीपी ४' आला. तो आतून झिजून त्याचा चुरा पुढच्या लाईनमध्ये जायचा आणि चालत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं. शेवटी २०२१ साली कंपनीने दोन लाखांहून जास्त ट्रक परत बोलावले आणि त्यात काय बसवलं माहितीये? जुना सीपी ३! या वेळी निदान खर्च कंपनीने केला.

असो. नाशिकला गेलात तर मायको सर्कल लागेल. 'मायको' म्हणजे बॉशचीच इथली कंपनी, १९५१ साली निघालेली. २००८ पासून नाव 'बॉश' झालं तरी चौकाचं नाव तेच राहिलंय. तिच्या नाशिकच्या कारखान्यात डिझेलचे नोझल बनत आलेत, त्याच मायक्रॉनच्या मापातले. इतकं नाजूक काम करणारा प्रत्येक भाग आधीच्या कुठल्यातरी स्वस्त, दुर्लक्षित भागावर विसंबून असतो. सोमवारी ऑफिसात गेलात की आपल्या सिस्टिममध्ये तो भाग कुठला आणि त्याच्यावर गेज आहे का, एवढं बघून घ्या. आणि सापडला तर इथे कळवा!