सुई, पेन्सिल आणि उरलेला वेळ

आपल्या घरांतील जुन्या माणसांना एक नियम चांगला ठाऊक होता. आदितवारी शेतावर जायचे नाही, लाकडे फोडायची नाहीत आणि हाती सुई धरायची नाही. हा नियम कुणा आजीचा नुसता हट्ट नव्हता. त्यामागे ख्रिस्तसभेच्या कायद्याचा आधार होता. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मनियमांच्या संहितेतील १२४८ व्या कलमाने रविवारी आणि बंधनकारक सणांच्या दिवशी दास्यकर्मे वर्ज्य ठरविली होती. दास्यकर्म म्हणजे शरीराच्या कष्टाने करावयाचे, पूर्वी दासदासींच्या वाट्याला येणारे काम. नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अशा कामांच्या याद्या दिलेल्या असत. नांगरणी, पेरणी, चांभारकाम यांच्या पंक्तीला शिवणकामही बसविलेले असे. वाचन, लेखन, वादन यांबरोबर चित्र काढणे मात्र बुद्धीचे काम म्हणून मोकळे ठेवलेले होते.

यातून एक गमतीची परिस्थिती उद्भवत असे. रविवारी दुपारी नातवाने ओटीवर बसून चर्चच्या मनोऱ्याचे रेखाचित्र काढले तर त्यात काही वावगे नव्हते. पण शेजारीच बसलेल्या आजीने गोधडीला चार टाके घातले तर तिच्या मनाला रुखरुख लागे. पेन्सिल ती कला आणि सुई ते काम, अशी ही वाटणी होती. तिचे मूळ ख्रिस्ती धर्मापेक्षाही जुने आहे. ग्रीक आणि रोमन जगाने मुक्त माणसाची विद्या व गुलामाचे हस्तकर्म यांत जी रेषा ओढली, तीच पुढे आपल्या पाठ्यपुस्तकांत उतरली. ही वाटणी कितपत खरी होती, हे इतिहासाच्या काही पानांवरून पडताळून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम आपल्या गोधडीकडे पाहू. फाटलेले लुगडे, विटलेले धोतर, मुलांचे आखूड झालेले कपडे, यांतले काहीही टाकून द्यायचे नाही. मऊ झालेल्या कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, सुरकुत्या काढायच्या, कडा दुमडायच्या आणि दाट धावदोरा घालून सारे एकजीव करायचे. महाराष्ट्रात हिला कुठे गोधडी म्हणतात, कुठे वाकळ. हे काम बहुधा शेतीची कामे संपल्यावर, पावसाआधीच्या उन्हाळी दुपारी चाले. तोही रिकामा वेळ म्हणता येणार नाही. दळण, पाणी, स्वयंपाक, गुरेढोरे आणि लेकरे यांतून बाईने तो ओढून काढलेला असे. गरजेपुरते पाहिले तर कसेही शिवून भागले असते. थंडीला रंगसंगती कळत नाही. तरीही हिरव्या काठाशेजारी तांबडे ठिगळ लावावे की पिवळे, यासाठी ती क्षणभर थांबे. तो क्षण कलेचा होता, असे मला वाटते.

माझ्या आजीला लिहिता येत नव्हते. कागदपत्रांवर तिचा अंगठा असे. तिने शिवलेली शेवटची गोधडी आम्ही एका पावसाळ्यात कापून तिची पायपुसणी केली, तेव्हा कुणालाच काही वाटले नाही. पुढे इतिहासाची पुस्तके वाचताना ध्यानी आले, की तिने जगात आपल्या मनाने उमटवलेली एकच सही होती आणि ती आम्ही पायाखाली घातली.

गोधडीची ही भगिनी एकेकाळी सातासमुद्रापार गेली होती. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत बंगालमधील सातगाव व हुगळी येथे पोर्तुगीज व्यापाऱ्यांसाठी भरजरी रजया भरल्या जात. पोर्तुगीज भाषेत त्यांना 'कोल्चा' म्हणत. पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर टसर रेशमाने साखळीटाका आणि मागटाका घालून संपूर्ण पृष्ठभाग चित्रांनी व्यापलेला असे. शलमोनाचा न्यायनिवाडा, ज्युडिथची कथा, आपल्या छातीतील रक्ताने पिल्लांना पोसणारा पेलिकन पक्षी यांसोबत त्यांवर शिकारी, गलबते आणि मासे दिसतात. हीच पोर्तुगीज सत्ता १५३४ ते १७३९ या काळात वसईत नांदत होती, म्हणून हा विषय आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयात असे नमुने जपलेले आहेत. या कापडांवर सुई आणि रेखाचित्र यांना वेगळे काढणे अशक्य आहे, कारण तिथे टाका हीच रेषा आहे. ज्यांनी शलमोनाचे सिंहासन टाक्याटाक्याने उभे केले, त्यांची नावे मात्र कोणी टिपून ठेवली नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून गुलाम किंवा सैनिक म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज होत. पोर्तुगीज गोव्यातील गुलामगिरीतून निसटून रानाचा आश्रय घेतलेल्यांचीही त्यांत भर पडली. या समाजात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि कॅथलिकही आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांपासून जी गोधडी शिवतात तिला 'कवंदी' म्हणतात. ती एका कोपऱ्यापासून सुरू होते. कडेकडेने फिरत टाके आत आत सरकतात आणि शेवटी मध्यावर येऊन थांबतात. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची 'फुला' बसविल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. कॅथलिक बायकांच्या कवंदीवर पुष्कळदा क्रूस दिसतो, मुसलमान बायकांच्या कवंदीवर चंद्रकोर. शेवटचे ठिगळ लावण्यापूर्वी मध्यभागी तांदळाचे चार दाणे ठेवण्याचीही चाल आहे. गोधडीचे पोट रिकामे राहू नये, अशी त्यामागील भावना. २००४ साली हेन्री ड्रेवाल या अमेरिकन कला-इतिहासकाराच्या साहाय्याने या स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २०११ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील शॉमबर्ग केंद्रात कवंदींचे प्रदर्शन भरले. ज्यांचे पूर्वज बाजारात विकले गेले त्यांच्या लेकीसुनांची ठिगळे दिवाणखान्यांच्या भिंतींवर लागली. शेतमजुरी आणि घरकाम यांमधल्या वेळातच ही सारी निर्मिती झाली, हे येथे ध्यानात घ्यावयाचे.

वेळ स्वतःच्या मालकीचा नसतानाही माणूस तो कसा वापरतो, याची साक्ष 'राजा' नावाच्या गलबताच्या इतिहासात सापडते. १८४१ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडहून सुमारे १८० कैदी स्त्रियांना घेऊन हे जहाज टास्मानियाकडे निघाले आणि जुलैमध्ये होबार्टला पोहोचले. न्यूगेट तुरुंगातील बायकांची दैना पाहून ज्यांचे मन कळवळले, त्या एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळाने कैदी बायकांना सुया, दोरे आणि कापडाचे तुकडे दिले होते. प्रवासातच त्या स्त्रियांनी २,८१५ तुकड्यांची एक भव्य रजई शिवली आणि तिच्या काठावर त्या मंडळाच्या सभासदांविषयीची कृतज्ञता टाक्यांनी लिहून ठेवली. पुढे शतकाहून अधिक काळ ही रजई विस्मृतीत गेली. १९८७ साली ती स्कॉटलंडमधील एका घराच्या माळ्यावर सापडली आणि आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. तिच्यावर काही ठिकाणी रक्ताचे डाग आहेत. सुई बोटाला टोचली असावी. न्यायालयाने ज्यांना केवळ चोर म्हणून ओळखले, त्यांचे दुसरे रूप या कापडाने जपून ठेवले.

सुई आणि पेन्सिल यांची सर्वांत हृद्य भेट मात्र सिंगापूरच्या चांगी बंदिवासात झाली. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले. नागरी कैद्यांत स्त्रिया व मुले एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे डांबले गेले. आपला नवरा जिवंत आहे की नाही, हेही कित्येकींना कळेना. तेव्हा एथेल मल्वनी या कॅनडाच्या बाईंनी एक युक्ती काढली. प्रत्येकीला सहा इंचांचा कापडाचा चौकोन देण्यात आला. त्यावर तिने आपल्या मनातले काही भरावे. कोणी सोडून आलेले घर भरले, कोणी फुले, कोणी तुरुंगाची कोठडी, आणि बहुतेकींनी आपले नाव. प्रत्येकी ६६ चौकोनांच्या अशा तीन रजया तयार झाल्या आणि जखमी सैनिकांच्या नावे त्या इस्पितळाकडे धाडण्यात आल्या. कापडावरील नावे पाहून पलीकडच्यांना कळावे, की आपली माणसे अजून आहेत. तीनपैकी एक रजई ब्रिटिश सैनिकांसाठी होती, एक ऑस्ट्रेलियन सैनिकांसाठी आणि तिसरी जखमी जपानी सैनिकांसाठी. जपानी रजई हा परवानगी मिळविण्याचा एक उपायही असेल; पण शत्रूच्या जखमांविषयी सहानुभूतीचे शब्द तिच्या पाठीवर भरलेले आहेत आणि ते आजही वाचता येतात.

त्याच चांगीत आणि पुढे सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर रोनाल्ड सर्ल नावाचा विशीतला एक इंग्रज सैनिक कैदेत होता. दिवसभर ऊर फुटेस्तोवर राबावयाचे आणि रात्री मिळेल त्या कागदाच्या कपट्यावर सोबत्यांचे चेहरे काढावयाचे, असा त्याचा क्रम होता. सापडला असता तर जिवावर बेतले असते. म्हणून तो ही चित्रे पटकीच्या रोग्यांच्या अंथरुणाखाली लपवी, कारण तेथे पहारेकरी फिरकत नसत. त्यांतील सुमारे ३०० चित्रे लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत. सुटकेनंतर सर्ल जगप्रसिद्ध व्यंगचित्रकार झाले.

आपल्या मारिओ मिरांडांच्या रेषेवर या सर्ल यांचा संस्कार होता. १९२६ साली दमण येथे जन्मलेले आणि गोव्यातील लोटली गावी वाढलेले मारिओ लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रे काढीत. त्यांच्या आईने पोराला मार दिला नाही. तिने एक कोरी वही आणून दिली. त्या वहीला मारिओ आपली रोजनिशी म्हणू लागले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही; मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांचा विषय इतिहास होता. मात्र रोजचे पान भरण्याची सवय सुटली नाही. त्यांच्या १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या रोजनिश्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. गावातले लग्न, फेस्त, पाद्री, बँडवाले, शेजारीपाजारी आणि बसमधली गर्दी अशी त्यांतली चित्रे आहेत. पोर्तुगीज अमलातील गोमंतकाचे रोजचे जीवन अभ्यासू पाहणाऱ्याला हा ठेवा आज सरकारी दप्तराइतकाच मोलाचा वाटेल. २०११ साली मारिओ गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. या सगळ्याच्या मुळाशी त्या माउलीने आणून दिलेली एक कोरी वही होती.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. यांपैकी कोणालाही सवड मिळाली नव्हती. प्रत्येकाने ती काढली होती. आपल्याकडे नेमके उलटे बोलले जाते. मुले मोठी झाली की, निवृत्त झालो की, घराचे काम पुरे झाले की मग पाहू, असे आपण म्हणतो. घरात पेन्सिल घेऊन बसलेल्या मुलाला अभ्यास आठवतो का म्हणून विचारतो आणि दुपारी सुई घेऊन बसलेल्या सुनेला दुसरे काम नाही का, असे विचारतो. दोघांनाही आपण एकच गोष्ट शिकवितो, की ज्यातून पैसा वा गुण मिळत नाहीत तो वेळ वाया गेला.

ख्रिस्तसभेने स्वतःची जुनी वाटणी केव्हाच मागे टाकली आहे. १९८३ च्या नव्या संहितेतील १२४७ व्या कलमात दास्यकर्म हा शब्दच उरलेला नाही. उपासनेला, प्रभूच्या दिवसाच्या आनंदाला आणि देहमनाच्या विश्रांतीला जे बाधक ठरते, ते त्या दिवशी टाळावे, एवढेच ते सांगते. म्हणजे प्रश्न हाती सुई आहे की पेन्सिल, हा राहिलेला नाही. त्या कामाने मन विसावते की नाही, हा आहे. आजी आज असती तर रविवारच्या दुपारी तिला बेलाशक चार टाके घालता आले असते.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात यापो गावच्या टबीथेची, म्हणजे दुर्कसची हकिगत येते. ती वारली तेव्हा पेत्राला बोलावणे धाडण्यात आले. माडीवर जमलेल्या विधवांनी रडत रडत तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्याच्यापुढे धरली. तिच्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून त्यांच्याजवळ दाखवायला तेवढेच होते आणि तेवढे पुरेसे होते. आपल्या पेटाऱ्यात, पोटमाळ्यावर एखादी जुनी गोधडी अजून असेल, एखाद्या शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर कुणाचे चित्र असेल, तर ते कापून टाकण्यापूर्वी एकदा उजेडात नेऊन पाहा. ते कुणी शिवले, कुणी काढले, याची घरातल्या थोरल्यांना विचारपूस करा आणि मिळालेले नाव लिहून ठेवा. आमच्या घरी हे विचारायला उशीर झाला.