घर आधी, नकाशा नंतर

विकास आराखडा म्हटलं की आपली पिढी पीडीएफ उघडते, रंगीत ठिपके बघते आणि बंद करते. पण छत्रपती संभाजीनगरात (म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत) घर असलेल्या माणसाला या रंगांची एवढी धास्ती का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नको. मलिक अंबरची खडकी, नहर, दरवाजे हे सगळं शाळेत होऊन गेलंय. आपली गोष्ट १९७०च्या दशकातली. चिकलठाण्याची एमआयडीसी, सिडकोची नवी वसाहत, आणि ८०च्या दशकात वाळूजला बजाज. सगळ्या मराठवाड्यातून माणसं कामाला आली. सिडकोचं घर प्रत्येकाला कुठलं परवडायला? मग शहराच्या कडेच्या शेतात चुन्याच्या रेघा पडल्या आणि जमीन गुंठ्यागुंठ्याने विकली गेली. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १,०८९ चौरस फूट. काहींनी त्यातलाही अर्धाच घेतला. तुकडेबंदीमुळे एवढ्याशा जमिनीची रजिस्ट्री होत नसे, म्हणून सौदा बॉन्ड पेपरवर. नकाशात मात्र तिथे अजून शेत, नाहीतर एखादं आरक्षण.

आमच्या ओळखीतल्या एका काकांकडे अशीच फाईल आहे. बॉन्ड पेपर, घरपट्टीच्या पावत्या, लाईट बिलं. सातबारा? तो मूळ शेतकऱ्याच्या नावावर.

गुंठेवारी कायदा आला २००१मध्ये, १ जानेवारी २००१च्या आधीच्या बांधकामांसाठी. २०२१मध्ये ती तारीख सरकली ३१ डिसेंबर २०२०वर. म्हणजे कोड आधीच प्रॉडक्शनमध्ये, आणि स्पेक वीस वर्षांनी :) हसू येतं, पण तारखेच्या अलीकडे की पलीकडे यावर कुणाचंतरी घर अधिकृत ठरत होतं.

खरी मेख १९६६च्या नगररचना कायद्यात आहे. आराखड्यात जागेवर शाळा किंवा बाग आरक्षित झाली आणि १० वर्षांत संपादन झालं नाही, तर कलम १२७ खाली नोटीस देता येते. पण सोबत हक्काची कागदपत्रं जोडायची. काका काय जोडणार? रजिस्ट्री असलेल्या बंगलेवाल्याला हा कायदा दार उघडून देतो, गुंठेवारीवाल्याला नुसती खिडकी दाखवतो.

त्यात आपल्या शहराचा अनुभव. वाढीव हद्दीच्या सुधारित आराखड्यात महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने केलेल्या बदलांवरून वाद झाला, याचिका झाल्या, आणि २०१६मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो आराखडा रद्द केला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. जुनं शहर आणि वाढीव हद्द यांचा एकत्रित प्रारूप आराखडा आला तो थेट मार्च २०२४मध्ये. एवढी वर्षं वाट बघायला लावून हरकतींना मुदत ३० दिवस!

बदलाला माझा विरोध नाही. रस्ते रुंद व्हायलाच हवेत, मैदानंही हवीत. पण एखाद्या गट नंबरवरचं आरक्षण उठून शेजारच्या गटावर गेलं, तर कुणाच्या सूचनेवरून आणि कोणत्या कारणाने, ही नोंद मराठीत, त्या नकाशाशेजारीच मिळायला हवी. आम्ही दोन ओळींच्या बदलालासुद्धा कमिट मेसेज लिहितो हो. इथे तर माणसाचं घर हललेलं असतं. काकांना पीडीएफ झूम करून दाखवली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आपला रंग कोणता आलाय रे?"