गळकी खिडकी आणि चाकांवरचं घर

मंडळी, या वीकांताचा विषय जरा लांबचा आहे. अमेरिकेतले ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत न्यायची चाकांवरची छोटी घरं. आणि त्यातही त्यांच्या गळक्या खिडक्या! आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? पण गंमत अशी की हा धंदा मोठा झाला तोच मुळी एका गळतीमुळे.

गोष्ट १९२९ ची. आर्थर शर्मन नावाचे एक जीवाणूशास्त्रज्ञ डेट्रॉइटच्या परिसरात राहायचे. कुटुंबाला सहलीला न्यायचं म्हणून त्यांनी मोटारीमागे ओढायचा एक घडीचा तंबू विकत घेतला. जाहिरातीत म्हटलं होतं की पाच मिनिटांत उभा राहतो आणि पाणी आत येत नाही. वाटेत वादळी पाऊस आला, तंबू काही उभा राहीना, आणि सगळं कुटुंब चिंब भिजलं. दुसरा कुणी असता तर दुकानदाराशी भांडून मोकळा झाला असता. शर्मननी सुताराच्या मदतीने स्वतःच एक पेटी बनवून घेतली. सहा फूट रुंद, नऊ फूट लांब, भिंती मॅसोनाइटच्या, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळ्यांच्या. पोरांनी तिला नाव दिलं ‘कव्हर्ड वॅगन’, एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतवाल्यांच्या छपरी गाड्यांवरून.

१९३० च्या जानेवारीत शर्मननी ही पेटी डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात ठेवली. किंमत ४०० डॉलर. प्रदर्शन संपेपर्यंत ११८ गाड्या विकल्या गेल्या होत्या. आणि हे ऐन मंदीच्या तोंडावर! १९३६ पर्यंत कव्हर्ड वॅगन ही देशातली सगळ्यात मोठी ट्रेलर कंपनी झाली होती. रॉजर बॅब्सन या अर्थतज्ज्ञाने तर त्याच सुमारास भाकीत केलं की वीस वर्षांत अर्धी अमेरिका चाकांवरच्या घरात राहील. ते काही खरं झालं नाही, पण हवा कशी होती ते कळतं.

तर कापड जाऊन कडक भिंत आली आणि गळती संपली? छे! कडक भिंत आली की तिला खिडकीसाठी भोक पाडावं लागतं. आणि भोक पाडलं की भिंत आणि चौकट यांच्यामधली फट बुजवणं आलं. ट्रेलरच्या इतिहासातला खरा झगडा इथून सुरू होतो.

घराच्या खिडकीला काच बसवायला तेव्हा वापरायचे ती पुट्टी, आपले सुतार आणि रंगारी जिला लांबी म्हणतात ती. खडूची पूड आणि जवसाचं तेल. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू घट्ट होत जातं. घर एका जागी उभं असतं, तिथे हे ठीक. ट्रेलर मात्र रस्त्यावर सतत हादरत असतो. शिवाय १९३० च्या दशकात अ‍ॅल्युमिनियम आलं. हॉली बोलस, ज्याच्या देखरेखीखाली १९२७ मध्ये लिंडबर्गचं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ हे विमान तयार झालं, त्याने १९३४ मध्ये विमानासारखा पत्र्याचा ट्रेलर काढला. १९३६ मध्ये एअरस्ट्रीमचा चकचकीत ‘क्लिपर’ आला. दिसायला झकास, वजनाला हलका. पण अ‍ॅल्युमिनियम उन्हात भरपूर पसरतं. एक मीटरची चौकट घ्या. पहाटेची थंडी आणि दुपारचं ऊन यांत पत्र्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर लांबी जवळजवळ एक मिलिमीटरने बदलते. रोज! वाळून दगड झालेली पुट्टी हे कसं सहन करणार? तडा जातो, आणि पाण्याला केसाएवढी फट पुरते.

यावरचा उपाय पेट्रोलियममधून आला. १९३७ मध्ये स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सीच्या प्रयोगशाळेत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी ब्यूटाइल रबर बनवलं. त्यातून हवा फार कमी झिरपते. १९४२ मध्ये जपानने मलाया घेतल्यावर अमेरिकेचं नैसर्गिक रबर तुटलं, आणि या ब्यूटाइलच्या टायरच्या ट्यूब युद्धात कामाला आल्या. याच रबराची चिकट टेप पुढे ट्रेलरच्या खिडक्यांखाली आली. तिचं वैशिष्ट्य काय, तर ती कधी वाळून कडक होत नाही. वर्षानुवर्षं मऊ आणि चिकट राहते, चौकट हलली की तीही थोडी हलते.

दुसरा पाहुणा सिलिकॉन. जनरल इलेक्ट्रिकच्या यूजीन रोशोने १९४० मध्ये ते स्वस्तात बनवायची प्रक्रिया शोधली. उन्हाला दाद न देणारं, लवचीक, आणि नळीतून दाबलं की झालं. पण त्याची एक खोड आहे. सिलिकॉनवर दुसरं काही नीट चिकटत नाही. अगदी नवं सिलिकॉनसुद्धा जुन्यावर धड बसत नाही. म्हणजे एकदा घाईत फासलं की पुढच्या माणसाला ते आधी कणकण खरवडून काढावं लागतं. आपल्या धंद्यातल्या लोकांना ही जात ओळखीची वाटेल. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी टाकलेला पॅच! :-)

आता असं बघा की इथपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न होता, फट कशी बुजवायची. प्रश्नच बदलला तो १९६३ मध्ये, आणि तोही ट्रेलरवाल्यांनी नाही. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या कर्बी गार्डन यांनी इमारतींत शिरणाऱ्या पावसावर एक छोटं टिपण लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. पाणी आत यायला तीन गोष्टी एकत्र लागतात: पृष्ठभागावर पाणी, एक फट, आणि पाण्याला आत ढकलणारा जोर. तिघांतली एक काढली तरी गळती थांबते. आपण मात्र जन्मभर फटीच्याच मागे लागतो, आणि बारीकसारीक प्रत्येक फट कायमची बुजवणं हे सगळ्यात अशक्य काम आहे.

जोर म्हणजे किती, याचा हिशेब ट्रेलरवर करून बघा. ताशी १०० किलोमीटर वेगाने पावसात जाताना पुढच्या खिडकीवर हवेचा दाब साधारण ४६० पास्कल पडतो. म्हणजे ती हवा पाणी जवळजवळ पावणेपाच सेंटिमीटर वर चढवू शकते. वळणाचं पाणी वळणावर जाणार, असं आपण म्हणतो. इथे ते उंबरा चढून आत येतं!

म्हणूनच चांगल्या सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये मुद्दाम बारीक भोकं ठेवलेली असतात. आत आलेलं पाणी ट्रॅकमध्ये साठतं आणि त्यांतून बाहेर पडतं. खिडकीचा डिझायनर तुम्हाला सांगतोय की पाणी येणारच आहे, त्याला जायला वाट ठेवा. पण घाबरलेला मालक काय करतो? सिलिकॉनची नळी घेतो आणि चौकटीभोवती सगळीकडे फासतो, त्या भोकांसकट. मग पुढच्या पावसात ट्रॅक भरतो, पाणी आतल्या बाजूने ओसंडतं, आणि भिंतीतली लाकडी पट्टी कुजायला लागते. बाहेरून सगळं छान, आतून भुसा. गळती तर थांबली नाहीच, फक्त दिसेनाशी झाली.

मग दुरुस्ती नीट कशी होते? आधी शोध. ओल खिडकीखाली दिसली म्हणून दोषी खिडकीच असेल असं नाही. छताच्या सांध्यातून शिरलेलं पाणी पत्र्याच्या आतून खाली येऊन खिडकीच्या कोपऱ्यात उगवतं. म्हणून नळीने पाणी खालून सुरू करायचं आणि टप्प्याटप्प्याने वर जायचं. वरून सुरू केलं तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही. ट्रॅकची भोकं साफ करायची. तरी गळत असेल तर आतली कडी सोडवून अख्खी खिडकी बाहेर काढायची. जुनी पुट्टी, सिलिकॉन, सगळं खरवडायचं. लाकडाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचं, भुसभुशीत लागलं तर तेवढा भाग बदलायचा, आणि पूर्ण वाळू द्यायचं. मग चौकटीच्या कडेला नवी ब्यूटाइल टेप लावायची, तिचा जोड खालच्या बाजूला ठेवायचा. स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे आवळायचे. टेप दबून बाहेर येते, म्हणून एक दिवसाने पुन्हा आवळायचे. वरून सीलंटची रेघ ओढायची असेल तर फक्त वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना. खालची कड मोकळी. चुकून पाणी शिरलंच तर बाहेर पडेल, आणि बाहेर आलेलं पाणी तुम्हाला दिसेलही.

असा एक शनिवार-रविवार जातो. नळी फासायला दहा मिनिटं लागतात. १९३६ पासून आजपर्यंत माणसं दहा मिनिटांचा रस्ता का धरतात, ते उघड आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत अशा चाकांवरच्या घरांची विक्रमी, सहा लाखांहून जास्त, विक्री दुकानदारांकडे झाली. त्यातली बरीच घरं आता जुन्या बाजारात येतायत. घेणाऱ्याने पडदे आणि गाद्या बघण्याआधी खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात अंगठा दाबून बघावा.

हे सगळं अमेरिकेतलं झालं. पण पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीलाही तीच भोकं असतात. रंगकामात ती लांबीने बुजतात, नाहीतर धुळीने. जूनमध्ये खिडकीखाली जुने पंचे अंथरायच्या आधी एकदा काडी घालून बघा.